तुझ्या आवाजात मिलिंद बोलायचा

प्रज्ञा,

मिलिंदचं अ‍ॅप नव्या टूलवर आलं. तू असतीस तर अभिनंदन वगैरे काही केलं नसतंस. सरळ विचारलं असतंस, "त्याच्या हातात देऊन बघितलंस का?" बघितलं. मलकपेठला तुमच्या घरी, त्याच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून, त्याच्याच हातात देऊन बघितलं. पण ते सरळ झालं नाही, आणि जे झालं ते तुला सांगायचं आहे. ऑफिसात सांगायला कोणी नाही. घरी विनयला सांगायला गेले तर निम्म्यात नवऱ्याचेच डोळे भरतात आणि मग मलाच उठून त्याला पाणी द्यावं लागतं.

लोक तुझ्याबद्दल बोलताना आता 'होती' म्हणायला लागलेत. मी अजून अडखळते. मागच्या आठवड्यात त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला, बसच्या अ‍ॅपमध्ये एक थांबा वाढवायचा म्हणून. मी सवयीने म्हणाले, "प्रज्ञाला विचारून सांगते." मग त्या म्हणाल्या, "हो, विचारून सांगा. घाई नाही." त्यांनी मला दुरुस्त केलं नाही, हे मी विसरणार नाही.

काचीगुड्याचं आपलं ऑफिस मी सोडलेलं नाही. औषधाच्या दुकानावरची ती खोली, दोन टेबलं, आणि खिडकी उघडली की स्टेशनवरच्या घोषणा. तू त्या घोषणा देणाऱ्या बाईची नक्कल करून मला जेवायला बोलवायचीस. बारा वाजून गेले की डबा 'थोड्याच वेळात फलाटावर येत आहे.' आता घोषणा ऐकू आली की मी खिडकी लावून घेते आणि उकडायला लागलं की परत उघडते.

आपण कॉलेजात भेटलो तेव्हा वर्गात मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच होतो. मी काचीगुड्याच्या वकिलांच्या घरातली, तू मलकपेठची. तुझे बाबा रेल्वेच्या नोकरीपायी नांदेडहून इथे आलेले. पहिल्याच दिवशी मी कशाला तरी "होय" म्हणाले आणि तू विचारलंस, "तुमच्या घरात होय म्हणायच्या आधी पाय धुवावे लागतात का?" मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी तू डब्यातली ज्वारीची भाकरी माझ्यासमोर ठेवलीस आणि मी ती खाल्ली, आणि तिसऱ्या दिवशी मी "हौ" म्हणाले. घरी आजोबांनी तो 'हौ' ऐकला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी परत म्हणाले, "हौ, आजोबा." तेव्हापासून मी दोन्ही बोलते.

मिलिंद तुझा भाऊ, पण तुझ्याहून बराच धाकटा. त्याला मी पहिल्यांदा भेटले तेव्हा तो शाळकरी वयाचा होता आणि शाळेत जात नव्हता. जन्मताना त्याचा श्वास कोंडला, त्यातून चालणं वाकडं झालं, हात थरथरायला लागले आणि शब्द तोंडातून बाहेर येईना. पण त्याला कळायचं सगळं. मराठी, तेलुगू, दख्खनी, सगळं. क्रिकेटचा पंच चुकला की तो आपल्या आधी हसायचा. डॉक्टरांनी परदेशी बनावटीचं एक अ‍ॅप सुचवलं होतं, चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलणारं. त्यात बर्फाचा बाहुला होता, सँडविच होतं, आणि इंग्रजी बोलणारी एक बाई होती. मिलिंदने दोन दिवस ते बघितलं आणि टॅब उशीखाली घातला.

मग तू स्वतः बसलीस. त्याच्यासाठी नवंच अ‍ॅप. मोठे चौकोन आणि त्यात तुमच्याच घरातले फोटो. पाण्यासाठी तुमचा स्टीलचा पेला, चहासाठी कोपऱ्यावरच्या हॉटेलातला कप, बाथरूमसाठी तुमच्या बाथरूमचं निळं दार. तो डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर टेकवायचा, आणि बोलायचीस तू. हौ. नक्को. हल्लू. पानी. पंखा. आई, इकडे ये. परेशान करू नको. सगळे शब्द तू आपल्या ऑफिसात रेकॉर्ड केलेस, पंखा बंद करून, आणि तरी काहींमध्ये पंखा आलाच, कारण उकाड्यापुढे तू हरायचीस. त्या वेळी मराठी बोलणारा यंत्राचा आवाज धड मिळत नव्हता आणि मिळाला असता तरी त्याने 'नक्को' म्हटलं नसतं.

त्या अ‍ॅपच्या जोरावर आपल्याला पुढची कामं मिळाली. शाळेच्या बसचं, दवाखान्याच्या नंबरांचं, सोसायटीच्या गेटचं. सगळी एकाच टूलवर बांधली. एकदाच लिहायचं आणि दोन्ही प्रकारच्या फोनवर चालवायचं. आपल्या दोघींच्या ऑफिसला तेच परवडणारं होतं. आणि मग टूल बनवणाऱ्या कंपनीने सांगून टाकलं की आता ते बंद. जुनी अ‍ॅप काही काळ चालतील, पण नव्या फोनवर एकेक करून उतरेनाशी होतील. तू तो निरोप मोठ्याने वाचून दाखवलास आणि म्हणालीस, "चला, बिऱ्हाड हलवा."

आपण एकेक अ‍ॅप हलवायला घेतलं. आधी दवाखाना, मग सोसायटी, मग शाळा. मिलिंदचं तू सारखं मागे ठेवत गेलीस. मला वाटायचं, गिऱ्हाईक आधी म्हणून. तसं नव्हतं, हे त्या दुपारी कळलं, जेव्हा तू डबा झाकून म्हणालीस, "मिलिंदच्या अ‍ॅपमधून मी माझा आवाज काढणार आहे."

मी विचारलं, "का?"

"तो सव्वीस वर्षांचा झाला, मंजू. हॉटेलात बसून चहा मागतो आणि बाईचा आवाज निघतो. पोऱ्या त्याच्याकडे बघतच नाही. आईकडे बघून विचारतो, और क्या चाहिए अम्मा."

"मग काय यंत्राचा आवाज देणार त्याला?"

"पुरुषाचा देणार. कोणाचा ते बघू."

मी म्हणाले, इतकी वर्षं तो त्या आवाजात बोलतोय, आता तो त्याचाच झालाय. तू म्हणालीस, "त्याने कधी निवडला? मला सोयीचा होता म्हणून मी दिला." मी म्हणाले, आवाज बदलला तर तो बोलायचाच थांबेल, त्या परदेशी अ‍ॅपसारखं होईल. तू म्हणालीस, तो बोलायचा थांबेल याची नाही, मला दुसरीच भीती आहे, पण ती तू सांगितली नाहीस. मी विचारलं नाही, कारण मला वाद जिंकायचा होता. शेवटी मी म्हणाले, "मिलिंदलाच विचार ना." तू म्हणालीस, "विचारीन. शाळेचं अ‍ॅप एकदा मार्गी लागू दे."

शाळेचं अ‍ॅप मार्गी लागलं आणि तुला ताप आला. त्या तापाबद्दल मी इथे लिहिणार नाही. तू दवाखान्यातून मला शेवटचं जे बोललीस ते शाळेच्या अ‍ॅपमधल्या एका चुकीबद्दल होतं. ती चूक मी काढली, एवढंच सांगते.

तू गेल्यावर मिलिंदचा टॅब फुगला. खरंच फुगला, आतली बॅटरी सुजून पाठीचं झाकण वर आलं. मावशींनी, तुझ्या आईने, तो पदरात गुंडाळून माझ्याकडे आणला, जणू कोंबडीचं पिल्लू आणलंय. दुकानदार म्हणाला, हा चार्जिंगला लावू नका, पेटेल. मी नवा टॅब घेतला, त्यावर जुनं अ‍ॅप घालायला गेले आणि टॅबने ते घेतलंच नाही. ते त्याच्यासाठी फार जुनं होतं. मिलिंदकडे त्या दिवसापासून एकही शब्द नव्हता. बहीण गेलेली आणि तोंड बंद. मावशी म्हणाल्या, "काही कर बाई. दिवसभर भिंतीकडं बघतो."

मी दुसरी सगळी कामं बाजूला ठेवली. जुना प्रोजेक्ट माझ्या लॅपटॉपवर उघडतच नव्हता, म्हणून तुझा जुना लॅपटॉप काढला, ज्याला तू म्हातारबा म्हणायचीस. त्यावर तो उघडला. थोडा कोड जसाच्या तसा घेता आला, पडदे सगळे नव्याने बांधावे लागले, आवाज वाजवणारा भाग नव्या टूलमध्ये नव्हताच, त्याला पर्याय शोधला. चौकोन मात्र मी एकही हलवला नाही. तू सांगितलेलं माझ्या डोक्यात पक्कं होतं की पेला डावीकडे वर, नक्को उजवीकडे खाली, कारण त्याच्या हाताला ते पाठ आहे, डोळ्यांना नाही.

आणि तुझे आवाज. ते सगळे एका फोल्डरमध्ये होते. नीट आलेत का हे बघायला एकेक वाजवावा लागणार होता. मी खिडकी लावली आणि वाजवले. पानी. पंखा. नक्को. पाठीवर खाजवतंय. एकात तू शब्द अर्धवट सोडून मला म्हणतेस, "मंजू, खुर्ची ओढू नको ना." मी तेव्हा खुर्ची ओढली होती तर. मी ते वाजवलं आणि खरोखर हलायची थांबले. किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. खालून औषधाच्या दुकानाचे मालक वर आले, खूप वेळ वर काही हालचाल नाही म्हणून. दारातून बघितलं आणि परत गेले.

तुझा तो वाद मला आठवत नव्हता असं नाही. पण मी तुझाच आवाज ठेवला. मिलिंदला ताबडतोब बोलता यायला हवं होतं, दुसरा आवाज माझ्याजवळ नव्हता, ही कारणं खरी आहेत. आणि मला तू कुठेतरी बोलत राहायला हवी होतीस, हेही खरं आहे.

पहिल्या दिवशी त्याने पेल्यावर पेर टेकवलं आणि काहीच झालं नाही. परत टेकवलं, पडदाच सरकला. तिसऱ्यांदा त्याने टॅब माझ्याकडे ढकलला. नव्या टूलची बटणं स्थिर हातांसाठी केलेली आहेत. बोट टेकून जरासं घसरलं की त्याला वाटतं, माणसाला पान सरकवायचंय. मिलिंदचं पेर तर टेकल्यापासून उचलेपर्यंत थरथरतच असतं. मग कळलं की जुन्या अ‍ॅपमध्ये हे सगळं तू वेगळं लिहून ठेवलं होतंस, पेर पहिल्यांदा जिथे टेकलं तेच धरायचं, पुढची थरथर सोडून द्यायची. इतकी वर्षं ते इतकं बिनबोभाट चालत होतं की मला माहीतही नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसून ते परत लिहिलं. तो टेकवायचा, मी बदलायची, तो परत टेकवायचा. दुपार होईस्तोवर पेल्याने ऐकलं. तुझा आवाज खोलीत आला, "पानी." मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना वाटलं, मी समजू शकते त्यांना काय वाटलं.

मी खुश होऊन काचीगुड्याला परत आले. नंतर दोन-चारदा फोन केला तेव्हा मावशी म्हणाल्या, "चाललंय छान. पण कमी बोलतो गं." मला वाटलं, पेर अजून नीट लागत नसेल. म्हणून एका रविवारी सकाळी गेले.

उकाडा होता. मिलिंद पलंगावर टेकून बसला होता, टॅब मांडीवर, ओठ सुकलेले. मी टॅब तपासला, सगळं चालत होतं. मग त्याची नजर तांब्याकडे गेली आणि परत आली. मी पेला भरून त्याच्या तोंडाला लावला, तो घटाघट प्यायला. परत भरला, तोही प्यायला.

मी विचारलं, "मागितलं का नाहीस?"

त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं. मग मला दाखवायचं म्हणून पेल्यावर पेर टेकवलं. "पानी," तू म्हणालीस. आतली भांड्यांची खडखड थांबली. मावशी दारात आल्या, ओल्या हातांनी पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसतही होत्या.

"परत दाब रे बाळा," त्या म्हणाल्या. "एकदा परत दाब."

त्याने दाबलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. प्रज्ञा, तू सांगितली नाहीस ती भीती हीच होती का, मला माहीत नाही. तुला आपलं मरण दिसत होतं असं मी म्हणणार नाही. पण तुझा आवाज आपण सगळे तुझा म्हणूनच ऐकतो, त्याचा म्हणून कोणीच ऐकत नाही, हे तुला दिसलं असावं. हॉटेलातला पोऱ्या ऐकत नव्हता. आता त्याची आईही ऐकत नव्हती. त्याला तहान लागायची आणि त्याच्या तोंडून त्याची मेलेली बहीण पाणी मागायची. म्हणून त्याने पाणी मागणं सोडलं होतं.

मावशी भाजीची गाडी आली म्हणून खाली गेल्या. मी त्याच्यासमोर बसले. म्हणाले, "मिलिंद, ताईला तुला एक विचारायचं होतं. ते राहून गेलं. मी विचारू?"

त्याने माझ्याकडे बघितलं.

"तिला वाटत होतं की तुला पुरुषाचा आवाज हवा. तुझा म्हणून. तिचा काढून. मी नको म्हणत होते." मी टॅब त्याच्या मांडीवर नीट ठेवला. "तुला हवाय का? आवाज बदलू?"

त्याने विचार केला नाही. पेर सरळ वरच्या कोपऱ्यात नेलं.

"हौ."

ते तुझंच होतं, थोडं घाईतलं, पाठीमागे आपल्या ऑफिसातला पंखा. तू स्वतः येऊन मला उत्तर दिलंस असं मी स्वतःला सांगून बघितलं आणि लगेच ते पुसून टाकलं. उत्तर त्याने दिलं होतं.

मावशींना सांगायचं कसं, हे मला जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज येईपर्यंत सुचलं नाही. मग सगळं सरळ सांगितलं. तू काय म्हणत होतीस, मी काय म्हणत होते, आणि त्याने काय दाबलं. त्या भाजीची पिशवी हातात धरून ऐकत राहिल्या.

"माझ्यामुळं पाणी मागत नव्हता?" त्यांनी विचारलं.

त्यांनी मिलिंदकडे बघितलं. त्याने मान वळवली. त्या आत गेल्या, पिशवी रिकामी केल्याचा आवाज आला, नळ सुरू झाला, बंद झाला. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"मग तिचा आवाज कुठं ठेवशील? पुसून टाकशील?"

"नाही मावशी. तुमच्या फोनवर घालून देते. सगळा."

"दे," त्या म्हणाल्या. "मी माझ्यापुरती ऐकीन. तो तहानलेला नाही राहिला पाहिजे."

मग आवाज शोधणं. ते मिलिंदवरच सोडलं. पहिल्यांदा यंत्राचा ऐकवला, आता मराठी बरा बोलतो. मिलिंदने तोंड वाकडं केलं. मग विनयचा ऐकवला. विनयने फार मन लावून रेकॉर्ड केलं होतं, प्रत्येक शब्द स्वच्छ. "होय" आलं आणि मिलिंद इतका हसला की त्याला ठसका लागला. मावशीही हसल्या. तू गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं असेल. विनयला मी अजून सांगितलेलं नाही, त्याला वाटतं फाईल बिघडली.

मग सिद्धार्थ. तुझा मावसभाऊ, तो कुरियरच्या ऑफिसात आहे. भरभर बोलतो, निम्मे शब्द गिळतो, पण बोलतो तुमच्यासारखं. मिलिंदने त्याचं एकच वाक्य ऐकलं, "कायकू परेशान करायलास," आणि हौ दाबलं. सिद्धार्थ दोन रविवार काचीगुड्याला आला. हेल्मेट तुझ्या टेबलावर ठेवलं, मी काही म्हणाले नाही, टेबल वापरलं जाऊ दे. पंखा बंद, खिडकी बंद, आणि घामाने भिजून त्याने सगळे शब्द म्हटले. 'ताई' आलं तेव्हा अडकला. पहिल्यांदा म्हटलं ते बसमधल्या अनोळखी बाईला म्हणावं तसं. दुसऱ्यांदा आवाज फाटला. "मंजूताई, एक मिनिट," म्हणून तो गॅलरीत गेला, स्टेशनकडे तोंड करून उभा राहिला. आला आणि एकदाच म्हणाला. तेच ठेवलं.

नवा आवाज घातल्यावर आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. मावशी मुद्दाम पाठीमागच्या टेबलावर बसल्या. मिलिंदने कपावर पेर टेकवलं. "एक चाय," सिद्धार्थचा आवाज जरा जास्तच मोठा आला, बाजूच्या दोघांनी वळून बघितलं. पोऱ्या आला. टॅबकडे बघितलं, मग मिलिंदच्या तोंडाकडे.

"मलई डालूँ, भाई?"

मिलिंद गोंधळला. त्याला कोणी कधी हे विचारलंच नव्हतं, मलईसाठी चौकोनच नाही. मग त्याने हौ दाबलं. मलई आली. ती त्याला अजिबात आवडली नाही, ओठावरून पुसून टाकायला लावली. पण परत गेलो तेव्हा विचारल्यावर त्याने पुन्हा हौ दाबलं.

आता तो बोलतो. खूप बोलतो. मावशी तक्रार करतात की सकाळपासून डोकं खातो, पंखा लाव, पंखा बंद कर, टीव्ही, चाय, आई चूप. 'आई चूप' त्याने दोन चौकोन जोडून स्वतः केलंय. त्या त्याच्यावर ओरडतात आणि तो हसतो. तुला हे घर आवडलं असतं. तुला ते बघायला मिळालं नाही याचा मला राग येतो आणि तो राग कोणावर काढायचा ते कळत नाही. तू इतकं बरोबर होतीस आणि मी तुला ते तोंडावर म्हणू शकत नाही. तू हरवायचीस आणि मी चिडायची, मग तू माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचलायचीस आणि भांडण संपायचं. मला तसं एकदा तुझ्याकडून हरायचं आहे.

तुझे आवाज मावशींच्या फोनवर आहेत. त्या दुपारी मिलिंद झोपला की कानाला लावून ऐकतात, आणि ऐकताना मान हलवतात, तू खरंच काही सांगत असल्यासारखी. माझ्याकडेही आहेत. मी ऐकलेले नाहीत. तो खुर्चीवाला एकच ऐकावासा वाटतो, म्हणून ऐकत नाही.

एक राहिलं.

गेल्या रविवारी गेले तर मावशी घाबरलेल्या. म्हणाल्या, मिलिंदच्या पोटात दुखतंय, दोन दिवस सारखं तेच दाबतोय, ओवा दिला, डॉक्टरांना दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही. मी त्याच्याजवळ बसले. त्याने दाबलं, "पोट. दुखतं." मी पोटावर हात ठेवला. त्याने माझा हात ढकलून दिला, चिडून. परत दाबलं, "पोट. दुखतं." मग पेर वर नेलं आणि थरथरत ठेवलं. "ताई." मग परत खाली. "दुखतं."

मला कळायला वेळ लागला. मी सगळे चौकोन वरपासून खालपर्यंत बघितले. तू केवढे शब्द दिले होतेस त्याला. भूक, झोप, राग, कंटाळा, खाज, आउट, सिक्सर. 'आठवण' नव्हता. तुला तो घालायचं सुचलं नसणार. तू रोज संध्याकाळी घरी जात होतीस, त्याला कशाला लागला असता.

मी विचारलं, "ताईची आठवण येते? इथे, असं?" मी छातीखाली हात धरला. त्याने डोळे मिटून उघडले आणि मग हौ दाबलं, तीन-चारदा दाबलं.

सिद्धार्थला फोन केला. तो कामावरून येतानाच आला, काचीगुड्याच्या ऑफिसला न जाता तिथेच, स्वयंपाकघराचं दार लावून त्याने एक शब्द म्हटला. फोटो काय लावायचा यावर आम्ही अडलो. मावशींनी तुझा फोटो आणून दिला, तो मिलिंदने नक्को केला, ताईचा चौकोन त्याच्याकडे आहेच. शेवटी काही लावलं नाही, नुसता निळा रंग ठेवला, तो त्याने निवडला. जागाही त्याने दाखवली, खालच्या ओळीत, जिथे त्याचं पेर टेकायला सोपं जातं.

प्रज्ञा, त्या अ‍ॅपमधला तो एकच शब्द तुझ्या आवाजात कधीच नव्हता.

निघताना मी पर्स खांद्याला लावली, मावशी मला पोचवायला दाराशी आल्या. मागून सिद्धार्थचा आवाज आला, मिलिंदचा आवाज आला.

"आठवण."

आम्ही वळलो. पुढे कोणाचं नाव येईल म्हणून वाट बघितली. त्याने दुसरा चौकोन दाबला नाही, नुसता बघत राहिला.

मावशी म्हणाल्या, "मला पण, रे."

मी पर्स परत खाली ठेवली आणि बसले.